फुटक्या काचेला धनी कोण

चाकण एमआयडीसीत भंगाराच्या ठेक्यावरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. लेथखाली साचणारा लोखंडी कीस, प्रेसशॉपमधून निघणारे पत्र्याचे काप, ॲल्युमिनियम, तांबे, सगळ्याला रोखीचा भाव आहे. तो ठेका आपल्यालाच मिळावा म्हणून कंपन्यांच्या दारात गाड्या अडवल्या जातात, धमक्या दिल्या जातात, खंडणीचे गुन्हे दाखल होतात. चाकण ज्याच्या हद्दीत येते ते पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. तेव्हापासून उद्योजकांनी पोलिसांपुढे जी गाऱ्हाणी मांडली, त्यांत भंगारावरून होणारी दादागिरी हे एक ठळक गाऱ्हाणे आहे.

काचेच्या ठेक्यासाठी कोणी कोणाची गाडी अडवल्याचे मात्र ऐकिवात नाही. त्याच कंपनीच्या कँटीनमागे, त्याच रस्त्यावरच्या परमिट रूमच्या बोळात, पुढची काच बदलून देणाऱ्या गॅरेजच्या कोपऱ्यात काच पडून असते, आणि ती घेऊन जा म्हणून मालकालाच कोणाची तरी मनधरणी करावी लागते. लोखंडाला दहा धनी आणि काचेला एकही नाही. एका उद्योगनगरीने आपल्या हॉटेलांकडची, दुकानांकडची, गॅरेजांकडची काच उचलण्याचे काम कोणाकडे आणि कोणत्या अटींवर सोपवावे, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. मला तो किरकोळ वाटत नाही. रोज पहाटे उघड्या हातांनी ही काच वेचणाऱ्या बाईलाही तो किरकोळ वाटत नसणार.

आधी काचेचा स्वभाव समजून घेऊ. वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळवली की काच होते. ही भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवत नाहीत, त्यामुळे काचेच्या कारखान्याचा मोठा खर्च इंधनाचा. भट्टीत कच्च्या मालाबरोबर जुनी काच घातली तर ती लवकर वितळते. जुन्या काचेचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की इंधनात अडीच ते तीन टक्के बचत होते, आणि एक टन जुनी काच साधारण १.२ टन कच्चा माल वाचवते. शिवाय काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस उतरत नाही. कागदाचे तंतू दर फेरीला आखूड होतात, प्लास्टिक दर फेरीला हलक्या प्रतीचे होत जाते. काचेच्या वाट्याला हे भोग नाहीत.

पण काच सोवळ्याची फार. तपकिरी बाटलीत हिरवी मिसळली की रंग बिघडतो. चहाच्या कपाचा नखाएवढा तुकडा भट्टीत गेला तर तो वितळत नाही. खड्यासारखा नव्या बाटलीच्या अंगात राहतो आणि बाटली तिथेच तडकते. प्रयोगशाळेतली उष्णता झेलणारी काच, आरसा, ट्यूबलाइट, गाडीची पुढची काच, सगळ्यांची जात वेगळी. ट्यूबमध्ये तर पारा असतो. म्हणजे काचेला किंमत येते ती निवडल्यावर, आणि निवडणे म्हणजे मजुरी. लोखंडाचे तसे नाही. चुंबक लावला की लोखंड आपोआप वेगळे होते.

बाटली साबूत असेपर्यंत तिचा एक जुना, शिस्तीचा व्यापार आहे आणि तो कोणत्याही महापालिकेने सुरू केलेला नाही. ६५० मिलिलिटरची बिअरची बाटली रिकामी झाली की वेटर ती फेकत नाही, बाराच्या खोक्यात उभी करून ठेवतो. बाटलीवाला येतो, मोजून नेतो. गोदामात कंपनीनुसार, रंगानुसार बाटल्या लागतात, तोंड तडकलेल्या बाजूला पडतात, उरलेल्या धुऊन पुन्हा बिअरच्या कारखान्याकडे जातात. छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज आणि नवी मुंबईजवळचे तळोजा हे राज्यातल्या बिअरनिर्मितीचे मोठे पत्ते. जी बाटली पुन्हा भरली जाते तिला भट्टी पाहावीच लागत नाही. पर्यावरणाच्या हिशेबात यापेक्षा चांगली वाट नाही, आणि ही वाट ज्यांनी रुळवली ते बाटलीवाले कोणत्याही सरकारी अहवालात मानाने बसलेले दिसत नाहीत.

व्हिस्की-रमच्या बाटल्यांचे गणित याहून अवघड. प्रत्येक ब्रँडचा आकार निराळा, त्यामुळे पुन्हा भरण्यासाठी गिऱ्हाईक कमी. दुसरीकडे साबूत बाटलीवर बनावट दारूवाल्यांचा डोळा असतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या छाप्यांत रिकाम्या बाटल्या आणि बुचे यांचे ढीग सापडल्याच्या बातम्या नेहमीच्याच. म्हणून अनेक ठिकाणी अशा बाटल्या फोडूनच टाकल्या जातात. बाटली फुटली की तिची किंमत नगावरून किलोवर येते आणि किलोचा भाव इतका थोडा की टेम्पोचे भाडेही सुटेलच असे नाही. साबूत बाटल्या भरल्या तर टेम्पोत निम्मी हवाच जाते. चुरा करून काच भरली तर वजन नीट बसते, पण मग बाटली पुन्हा भरण्याची वाट कायमची बंद होते. या व्यापाराचा सगळा पेच एवढ्यात आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम ८ एप्रिल २०१६ रोजी लागू झाले. त्यांनी हॉटेल-रेस्टॉरंटांना एका वर्षाची मुदत दिली: कचरा जागेवरच वेगळा करा आणि पुन्हा वापरात येणारा माल अधिकृत कचरावेचकांकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे सोपवा. ती मुदत २०१७ च्या एप्रिलातच संपली. त्याच नियमांत उत्पादकांसाठी एक कलम होते आणि त्यात काचेचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. पत्र्याचे डबे, काच, प्लास्टिक अशा वेष्टनांत माल विकणाऱ्या कंपन्यांनी कचऱ्याची व्यवस्था उभारण्यासाठी स्थानिक संस्थांना पैसे द्यावेत, असे ते कलम सांगत होते. प्लास्टिकच्या बाबतीत पुढे उत्पादकांच्या जबाबदारीचे वेगळे नियम झाले, नोंदणी झाली, उद्दिष्टे ठरली. काचेसाठी तसा मसुदा केंद्राने काढला तो थेट डिसेंबर २०२४ मध्ये, कागद आणि धातूच्या वेष्टनांसोबत. मधली आठ वर्षे काचेचा खर्च ज्यांनी सोसला, त्यांत दारू कंपन्या नव्हत्या.

नियमांतल्या एका आकड्यापाशी मात्र थांबायला हवे. दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारा तो मोठा कचरानिर्माता, त्याच्यावर जास्तीच्या जबाबदाऱ्या. बिअरची एक बाटली साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरते. म्हणजे दिवसाला दहा खोकी बिअर विकणाऱ्या परमिट रूमची काच झाली पन्नास-साठ किलो. ती एकटी मोठ्या निर्मात्याच्या व्याख्येत बसत नाही. पण एकाच रस्त्यावर अशा वीस जागा असल्या तर रोज टनभर काच होते आणि कायद्याच्या नजरेत तिथे मोठे कोणीच नसते. वाकड, पिंपळे सौदागर, भोसरी, चिंचवड स्टेशन या भागांत असे रस्ते किती, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको.

मग ही काच जाते कुठे? जी बाटलीवाल्याने नाकारली, ती घंटागाडीत. पिंपरी-चिंचवड महापालिकेने घरोघरचा कचरा उचलण्याचे काम २०१९ मध्ये शहराचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग करून दोन कंपन्यांकडे दिले. शहराचा कचरा रोज हजार टनांहून अधिक, आणि तो जातो मोशीला. तिथला ८१ एकरांचा डेपो १९९१ पासून हे ओझे वाहतो आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. सुमारे ३०० कोटींचा हा प्रकल्प, वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरण्याचे नियोजन. काच जळत नाही. बॉयलरमध्ये ती मऊ होऊन जाळीला चिकटते आणि राखेत गोळे करते. खतात गेली तर त्याहून वाईट. पायात काच रुतेल असे खत कोणता शेतकरी घेईल? म्हणजे मोशीत पोहोचलेली काच कोणाच्याच कामाची नाही, आणि तरीही तिला तिथे नेण्याचा खर्च शहर करते.

इथे ठेक्याच्या मूळ रचनेतच दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे कचरा उचलण्याचे देयक सहसा टनावर निघते, आणि काच जड असते. टनावर पैसे मिळणाऱ्या ठेकेदाराने काच वाटेत वेगळी काढली तर त्याचेच बिल कमी होते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. आपण त्याला वजन वाहायला नेमले, तो वजन वाहतो.

वेगळी रचना शक्य आहे आणि ती याच शहरात रोज चालू आहे. कोणत्याही दवाखान्यात जाऊन पाहा. इंजेक्शनच्या कुप्या, फुटलेल्या ॲम्प्यूल यांसाठी निळ्या खुणेची, टोचणार नाही अशी पेटी असते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी काचेला हे स्वतंत्र घर दिले. प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्य केलेली संस्था ठरल्या दिवशी गाडी घेऊन येते, माल निर्जंतुक करते आणि काच पुढे पुनर्चक्रीकरणाला जाते. रुग्णालय याचे पैसे भरते आणि नोंद ठेवते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे पेनिसिलिनच्या कुपीशी पिंपरीचे नाते १९५० च्या दशकापासूनचे. त्या कुपीसाठी जी शिस्त आली, ती शेजारच्या बिअर बारच्या बाटलीसाठी आणण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. दवाखान्यात संसर्गाची भीती होती म्हणून कायद्याने दंडुका उगारला. बारमागच्या काचेने ज्याचा हात कापतो, त्याची भीती अजून कोणाला वाटलेली नाही.

या पट्ट्याला काच नवी नाही. चाकणच्या रस्त्याने वर गेले की तळेगाव दाभाडे लागते. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडातून तिथे १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्या फंडाला पाठिंबा होता आणि परदेशात काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्याच्या कामात होते. बांगडी, चिमणी, बाटली परदेशातून येऊ नये ही त्यामागची तळमळ. तिथे नुसता माल निघाला नाही, कारागीरही घडले, आणि देशातल्या काचधंद्याला शिकलेले हात मिळाले. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना सुरू झाला, प्रभाकर कंदील घरोघर गेला. मला या इतिहासातले एक आवडते: पैसा पैसा करून मोठे काम उभे राहते यावर त्या पिढीचा विश्वास होता. काचेचा तुकडा तुकडा गोळा करण्याच्या कामाला तोच विश्वास लागतो.

आज इथे जी काच बनते ती गाड्यांची. सेंट-गोबेन सेक्युरिटचे कारखाने भोसरीत आणि चाकणजवळच्या कुरुळीत आहेत. गाडीची बाजूची काच कडक केलेली असते, फुटली की तिचे खडीसाखरेएवढे दाणे होतात. पुढची काच मात्र दोन थरांची आणि मध्ये प्लास्टिकचा चिवट पापुद्रा, पीव्हीबी. तो आहे म्हणून अपघातात काच चेहऱ्यावर उडत नाही. आणि तो आहे म्हणूनच ही काच भंगारवाला घेत नाही. काच आणि पापुद्रा वेगळे करायला खास यंत्र लागते. कारखान्यातला नापास माल एका जागी, स्वच्छ आणि एकाच जातीचा असतो, त्याची सोय लावता येते. प्रश्न आहे तो विम्याच्या दाव्यात बदलल्या जाणाऱ्या काचेचा, गावभर पसरलेल्या गॅरेजांतल्या एकेका काचेचा. आयुष्य संपलेल्या वाहनांसाठी केंद्राचे नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले, त्यांत वाहन कंपन्यांवर पुनर्चक्रीकरणाचे उद्दिष्ट घातले ते पोलादाचे. काच तिथेही मागे राहिली. टाटा मोटर्स, बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने जिथे आसपास आहेत, त्या पट्ट्याने गाडीच्या काचेची विल्हेवाट लावणारे एक यंत्र आपल्याकडे बसवावे, ही मागणी अवाजवी नाही. त्यातही एक गाठ आहे. चाकणचे बरेचसे औद्योगिक क्षेत्र महापालिकेच्या हद्दीबाहेर, खेड तालुक्यात आहे. धोकादायक कचऱ्यासाठी रांजणगावची व्यवस्था आहे. साध्या कचऱ्याला मात्र एमआयडीसी आणि ग्रामपंचायत एकमेकींकडे बोट दाखवतात. महापालिकेने ठेका काढला तरी तो कुरुळी-निघोज्याला आपोआप लागू होणार नाही.

आता कुदळवाडीविषयी. चिखलीचा हा भाग म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या भंगारधंद्याचे पोट होते. लाकूड, प्लास्टिक, पुठ्ठा, लोखंड, बाटली, सगळे इथे येऊन निवडले जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने मोठा पोलीस बंदोबस्त लावून इथली चार हजारांहून अधिक बांधकामे काही दिवसांत जमीनदोस्त केली. अनधिकृत बांधकामे, गोदामांना वारंवार लागणाऱ्या आगी, धूर, सांडपाणी ही कारणे दिली गेली. ती खोटी नव्हती. त्या धुरात शेजारच्या वस्तीने वर्षे काढली. पण शहराचा सुका कचरा निवडणारी सर्वांत मोठी जागा पाडताना त्या कामाला पर्यायी जागा आधी हवी होती. गोदाम पाडता येते, शहराचे भंगार निघायचे थांबत नाही. आणि उठवलेल्या धंद्यांत पहिला बळी जातो तो कमी भावाच्या मालाचा. लोखंडवाला दूर जागा घेऊन भाडे परवडवतो. बाटली-काचेवाल्याला दहा किलोमीटर लांब जाणे म्हणजे दुकान बंद करणे.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वात, एसएनडीटी विद्यापीठातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांच्या कामातून. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि देशात असे प्रथमच घडले. २००१ च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की एकेक कचरावेचक महापालिकेला दरमहा २४६ रुपयांचे श्रम फुकट देते. आजच्या भावात ती रक्कम कितीतरी पट होईल. २००८ मध्ये पुणे महापालिकेने ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी करार केला आणि कचरा उचलण्याचे काम मोठ्या कंपनीखेरीज दुसऱ्यालाही देता येते हे दाखवून दिले. त्या कराराच्या मुदतवाढीसाठी या बायकांना पुन्हा पुन्हा महापालिकेच्या दारात बसावे लागले, हेही विसरता येत नाही.

दूरचे तीन दाखले. तमिळनाडूत निलगिरीच्या जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्या हत्तींच्या पायात रुतू लागल्या, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२२ पासून तिथे प्रत्येक बाटलीवर दहा रुपये अनामत लागली. बाटली परत केली की दहा रुपये परत. बाटल्या परत येऊ लागल्या आणि योजना इतर जिल्ह्यांतही गेली. तिथे दारूची सगळी दुकाने सरकारी महामंडळाची आहेत. आपल्याकडे ती खासगी, त्यामुळे नक्कल जशीच्या तशी होणार नाही. गोव्याने ऑगस्ट २०२४ मध्ये अनामत योजना अधिसूचित केली तेव्हा व्यापाऱ्यांचा विरोध उभा राहिलाच. चाकणच्या जर्मन कंपन्यांच्या देशात बिअरच्या बाटलीवर आठ सेंट अनामत असते आणि ती देताना कोणी कुरकुरत नाही. अनामत राज्याने ठरवायची गोष्ट आहे, महापालिकेच्या हातात ती नाही. महापालिकेच्या हातात ठेका आहे.

तो ठेका कसा असावा, हे मी मांडतो. काचेचा वेगळा, लहान भागांचा, आणि फक्त व्यावसायिक जागांसाठी. देयक टनावर नको, फेरीवर हवे: इतक्या जागा, आठवड्याला इतक्या फेऱ्या, त्याचे इतके पैसे. विक्रीचा जो भाव येईल तो उचलणाऱ्याचा. शुल्क परमिट रूम, हॉटेल, गॅरेज यांच्याकडून घ्यावे. घरगुती मिळकतकराच्या बिलात कचऱ्याचे शुल्क घातल्यावर इथे केवढा विरोध झाला आणि सरकारला ते कसे स्थगित करावे लागले, हे सर्वांनी पाहिले आहे. तो रस्ता पुन्हा धरू नये. साबूत बाटली आधी बाटलीवाल्याची, ही अट लेखी हवी, नाहीतर ठेकेदार चालू धंदाच गिळून बसेल. काम कचरावेचकांच्या संस्था आणि कुदळवाडीतून उठलेले छोटे व्यापारी यांना मिळेल अशा निविदेच्या अटी हव्यात. कोट्यवधींच्या उलाढालीची अट घातली की ते दारातच अडतात.

जागा लागेल. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एक पत्र्याची शेड, खाली काँक्रीट, तीन रंगांचे तीन कप्पे आणि चौथा गाडीच्या काचेसाठी. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण ओलांडून पुढे गेले की सिन्नरला बाटल्यांचा मोठा कारखाना आहे. निवडलेल्या काचेला गिऱ्हाईक चंद्रावर शोधायचे नाही.

आणि काम करणाऱ्याचे हात. सुती हातमोजा काचेपुढे चालत नाही, कापाला दाद न देणारा मोजा लागतो आणि तो झिजला की महिन्याच्या आत बदलावा लागतो. जाड तळाचे बूट, डोळ्यांवर चष्मा, धनुर्वाताची लस, कापले तर त्या दिवसाची मजुरी. फुटकी काच गोणीत भरून डोक्यावर द्यायची नाही, झाकणाच्या ड्रममध्ये भरून चाकांच्या गाडीवर न्यायची. रात्री बार बंद होतो आणि सकाळी अकराच्या आत मागचा बोळ मोकळा व्हायला हवा, तेव्हा फेरीची वेळ सकाळी आठ ते अकरा. सुरुवात भोसरी आणि वाकड या दोन भागांतून करावी: एकीकडे गॅरेजे जास्त, दुसरीकडे परमिट रूम जास्त, म्हणजे दोन्ही तऱ्हेच्या काचेचा खरा खर्च सहा महिन्यांत कागदावर येईल, आणि त्यानंतरचे दर अंदाजाने ठरवावे लागणार नाहीत.